लॅपटॉपचा आवाज गेला? मदरबोर्ड बदलण्याआधी एवढं करून बघा

तुमचं म्हणणं असं: वडिलांचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, मूळचा विंडोज ७चा, नंतर त्यावर विंडोज १० चढवलेलं. गेल्या आठवड्यात अपडेट झालं आणि आवाज बंद. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली दिसते, आणि दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. वडिलांची सकाळची भजनं थांबली ती वेगळीच.

मदरबोर्ड गेला असं मला तरी वाटत नाही. अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी आवाज गेला म्हणजे आधी ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजला एखादा भाग चालवायला शिकवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्यायचा. आणि ती लाल फुली ही खरं तर चांगली खूण आहे. फुली नसेल, आवाजाची पट्टी वर-खाली होत असेल आणि तरी काही ऐकू येत नसेल, तर भानगड वेगळी असते. विंडोज आवाज पाठवतंय, पण तो भलतीकडे जातोय किंवा वाटेत अडतोय. फुली म्हणजे विंडोजला साउंड कार्डच, म्हणजे आवाज काढणारी चिपच, दिसत नाही, किंवा दिसतं पण ते चालू करता येत नाही.

आधी स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' ही ओळ उलगडा. तिथे इंटेल डिस्प्ले ऑडिओ दिसलं तर 'सापडलं' म्हणून खूश होऊ नका. ते एचडीएमआय केबलमधून टीव्हीला आवाज देणारं यंत्र आहे, लॅपटॉपच्या स्पीकरशी त्याचा संबंध नाही. आपल्याला हवं आहे रिअलटेक, कोनेक्संट, आयडीटी या साउंड चिप बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एखादं नाव, किंवा नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. कोड १० म्हणजे यंत्र सुरू होत नाही, आणि हाही बऱ्याचदा चुकीच्या ड्रायव्हरचा प्रताप असतो.

तिथे काहीच नसेल तर खाली 'सिस्टिम डिव्हाइसेस'मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ कंट्रोलर' शोधा. साउंड चिप या कंट्रोलरला जोडलेली असते, त्यामुळे तो डिसेबल असेल तर चिप दिसणारच नाही. तो चालू करा. तोही नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन ऑडिओ बंद केलेला आहे का बघा. एवढ्यावरही पत्ता नसेल, तरच दुकानदाराचं म्हणणं मनावर घ्या.

आता मुख्य काम. सापडलेल्या यंत्राच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' टॅबवर जा, तिथे 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळ येईल. त्यात 'व्हीईएन' (VEN) या अक्षरांपुढची चार चिन्हं वाचा: १०ईसी असेल तर रिअलटेक, १४एफ१ असेल तर कोनेक्संट, १११डी असेल तर आयडीटी. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हा आयडी न बघता लोक नेटवरून दिसेल तो ऑडिओ ड्रायव्हर टाकतात आणि मग रडतात. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं तर अजिबात नकोत. मी अशा एकाचा ड्रायव्हर काढता काढता अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. तळाच्या स्टिकरवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. तुमच्या मॉडेलला विंडोज १०चा ड्रायव्हर कदाचित मिळणार नाही, कंपन्या जुन्या मशिनांकडे ढुंकून बघत नाहीत. मग ८.१चा घ्या, तोही नसेल तर ७चा. बहुतेक वेळा चालतो. मात्र तुमचं विंडोज ६४ बिट असेल तर ड्रायव्हरही ६४ बिटच हवा. फाइल उतरवून डेस्कटॉपवर ठेवा, आणि मग वायफाय बंद करा. हे विसरू नका. नाहीतर तुम्ही जुना ड्रायव्हर काढताय तोवर विंडोज तोच बिघडलेला परत आणून बसवतं आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता.

आता यंत्रावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल. विचारणा येते त्या चौकटीत ड्रायव्हरचं सॉफ्टवेअरही काढून टाकायचा एक चौकोन असतो, त्यावर खूण करा. ती न करता काढलं तर रीस्टार्टनंतर तोच ड्रायव्हर तसाच उभा. रीस्टार्ट झाल्यावर घाई करू नका. विंडोज बऱ्याचदा स्वतःचा साधा ड्रायव्हर लावतं, आणि तेवढ्यानेच आवाज येतो. आला तर थांबा! कंपनीच्या ड्रायव्हरने आवाज थोडा भरदार होईल, पण भजनांना एवढं पुरे.

नाही आला तर उतरवलेल्या सेटअपवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. 'ही विंडोज चालत नाही' म्हणून तो अडला, तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी' टॅबवर विंडोज ७ किंवा ८ निवडून पुन्हा चालवा. त्यानेही बधला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', मग संगणकातच शोधण्याचा पर्याय, मग यादीतून निवडण्याचा, आणि तिथे 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा.

आवाज आला की वायफाय लावण्याआधी कंट्रोल पॅनलच्या सिस्टिममधल्या 'हार्डवेअर' टॅबवर 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' उघडून 'नो' करा. पुढच्या अपडेटला हाच खेळ परत नको. तसंही विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट देणं, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला आहे, तेव्हा त्या मशीनवर बँकेची कामं करू नका.

फुली गेली पण आवाज नाही, असं झालं तर हेडफोनच्या छिद्राकडे बघा. हे मी सांगतो कारण मी स्वतः एका रविवारी तीनदा ड्रायव्हर टाकला, जेवण थंड केलं, आणि शेवटी कळलं की छिद्रातली पत्ती अडकली होती, त्यामुळे लॅपटॉपला वाटत होतं की हेडफोन लावलेलाच आहे. हेडफोनची पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केली आणि स्पीकर बोलायला लागला. बायकोने त्यावर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुकानदार खरं बोलतोय का हे तपासायचा एक पक्का उपाय म्हणजे पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) सुरू करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडून. तिथे आवाज आला तर मदरबोर्ड ठणठणीत. तिथेही नसेल आणि हेडफोनमध्येही नसेल, तर चिप गेली असं समजा. तरीही मदरबोर्ड बदलू नका. दोन-तीनशे रुपयांत छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, त्याला बहुतेक वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि त्यात साधा स्पीकर लावला की काम झालं.

तो 'व्हीईएन'वाला आयडी आणि कोड कुठला येतो तेवढं इथे लिहा. मॉडेलचं नावही. मग कुठला ड्रायव्हर घ्यायचा ते नेमकं सांगतो.