आयसीयूतून वॉर्डात जाताना

जनरल वॉर्डात बदली झाली म्हणून हिरमुसू नकोस गं. तिकडे पेशंट बिघडतोय हे मॉनिटर ओरडून सांगायचा, इथे ते तुलाच ओळखायचंय.

श्वास पूर्ण मिनिटभर मोज. मनगट धरून ठेव, म्हणजे नाडीच बघतेयस असं पेशंटला वाटतं आणि तो श्वास बदलत नाही. चार्टवर सगळ्यांना सरसकट २० लिहिलेलं दिसेल, त्यावर जाऊ नकोस. मोठ्या माणसाला १२ ते २० ठीक; २५ झाला तर बीपी चांगलं असलं तरी डॉक्टरांना कळव. बीपी बहुतेकदा उशिराच पडतं.

ऑपरेशन झालेल्या आजोबांची नाडी ७८ बघून निश्चिंत होण्याआधी ते मेटोप्रोलॉल, म्हणजे नाडी मंद ठेवणारी बीपीची गोळी, घेतात का ते पाहा. त्या गोळीमुळे आतून रक्तस्राव होत असला तरी नाडी हवी तशी वाढत नाही. मग लघवी किती झाली, हातपाय गार पडलेत का, हे बघायचं. आणि रात्री मुलगी म्हणाली, "बाबा आज काहीतरीच बोलतायत," तर लगेच ऊठ. आधी शुगर तपास.

पुढे होम केअर घेतलंस, तर पहिल्याच दिवशी औषधांचा डबा उघड. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असतं कधीकधी.