कालच्यापेक्षा एक सेकंद कमी

“आधी ही घरात एका जागी ठरायची नाही, मॅडम. आता मैदानावर नेलं की पाय ओढत चालते.” माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत टेकायच्या आधीच बाबांनी हे सांगून टाकलं. शेजारी सात वर्षांची लेक पाय हलवत छताच्या पंख्याकडे बघत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हे लिहायला घरच्यांची हरकत नाही.)

बाबा स्वतः धावतात. तिशी उलटल्यावर सुरुवात केली आणि त्याची खंत अजून मनात आहे. “मला उशीर झाला, हिचं तसं व्हायला नको.” हे वाक्य मी पोहणं, बुद्धिबळ, गाणं अशा सगळ्याच बाबतीत ऐकते. पण धावण्याची गोष्ट जरा निराळी आहे. त्याला ना क्लास लागतो ना सर, मैदान असलं की पुरतं. त्यामुळे आईबाबाच प्रशिक्षक होऊन बसतात आणि घरी परतल्यावरही ती शिट्टी गळ्यातून निघत नाही.

त्यांनी पिशवीतून वही काढली. तीन महिन्यांची नोंद होती, आठवड्यातून चार दिवस ४०० मीटरच्या दोन फेऱ्या आणि रविवारी २ किलोमीटर. नियम एकच, कालच्यापेक्षा एक सेकंद कमी. पहिल्या महिन्यात वेळ भराभर उतरली होती, दुसऱ्यात अडली आणि तिसऱ्यात चक्क वाढत गेली. शेवटच्या पानावर त्यांनी आलेखही काढला होता. त्यांच्या मते दोनच शक्यता होत्या. मुलगी आळशी झाली, किंवा काहीतरी दुखतंय आणि सांगत नाही.

दुसरी शक्यता मी कधीच अंदाजावर सोडत नाही. आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मूल लंगडत असेल, बोट ठेवून एकच जागा दुखते असं सांगत असेल, दुखण्याने रात्री जागं होत असेल किंवा धावल्यावर खोकल्याची उबळ येऊन छातीत शिट्टी वाजत असेल, तर समुपदेशकाचं काम नंतरचं. धावताना चक्कर आली किंवा छातीत दुखलं, तर धावणं तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवायचं. साधारण आठ वर्षांनंतर वाढीच्या वयात टाच दुखण्याची तक्रारही बरीच दिसते आणि तिला ‘नाटक’ म्हणून उडवून लावलं जातं. या मुलीचं सगळं ठीक निघालं.

मग मी चूक केली. प्रत्येक फेरीला एक स्टिकर आणि दहा स्टिकर झाले की तिच्या आवडीची एक वस्तू, असं सुचवलं. दोन आठवडे मजेत गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं आणि मग दर रविवारीच दुखायला लागलं. गंमत अशी की १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मीच पालकांना नेहमी सांगते. चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांपैकी काहींना ‘काढलंस तर बक्षीस देऊ’ असं आधीच सांगितलं गेलं. पुढे बक्षीस नसताना हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. लोकांना सांगायला पाठ असलेलं ज्ञान स्वतःच्या खोलीत नेमक्या वेळी आठवेलच असं नाही.

पुढच्या भेटीत मी तिला एकटीला आत घेतलं. पळण्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. आम्ही ठोकळ्यांचा मनोरा रचला, तो पडला. मी सहज म्हटलं, “चल, आता त्याच्याहून उंच करू या.”

“नको,” ती म्हणाली. “छोटाच करू या. मोठा केला ना, की पुढच्या वेळी त्याच्याहून मोठा करायला लागतो.”

मी हातातला ठोकळा खाली ठेवला. “पळताना पण असंच होतं का गं?”

“हो. जोरात पळालं की उद्या अजून जोरात पळायला लागतं. म्हणून मी थोडी थोडी हळू होते.”

“बाबाला माहितीये?”

“त्याला वाटतं मी दमते.”

आलेख चढत का गेला, ते मला तेव्हा कळलं. कुठल्याही नोकरदाराला हे कळेल. या महिन्याचं टार्गेट ओलांडलं की पुढच्या महिन्याचं वाढवून मिळतं, म्हणून शहाणा माणूस थोडं हातचं राखून ठेवतो. मोठ्यांच्या बाबतीत त्याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो आणि सात वर्षांच्या पोरीला आळशी ठरवतो.

तिला विचारूनच मी हे बाबांना सांगितलं. ते आधी हसले, मग गप्प झाले. “म्हणजे ती मला फसवत होती?” आवाजात खरंच दुखावल्याचं होतं. मी म्हटलं, तुमचा नियम मला झेपत नाही, हे वाक्य तिच्याकडे नाही. तिच्याकडे पाय आहेत, तिने पायांनीच सांगितलं. शिवाय तिला तुमच्याबरोबर मैदानावर जायचंय, नाहीतर पोटदुखी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली असती.

त्यांची आणखी एक तक्रार होती. ही पहिल्या पन्नास मीटरमध्येच सगळा जोर संपवते, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाही. पण ही तक्रार तिच्या वयाबद्दलची आहे. पाच-सहा वर्षांची मुलं सुरुवातीलाच सुसाट सुटतात आणि मग मंदावतात. पुढचं अंतर डोळ्यांपुढे आणून दम राखायची समज वाढत्या वयाबरोबर येते. लहान मुलांचं आपलं आपलं पळणंही सलग नसतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या हालचाली जवळून टिपल्या होत्या. त्यांचे जोरदार हालचालींचे झटके बहुधा ३ सेकंदांच्या आसपास संपत होते. पळायचं, थांबायचं, काहीतरी बघायचं, परत पळायचं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, पण ती एका दमात व्हावी असं म्हणत नाही. २ किलोमीटर एका लयीत कापणं ही मोठ्यांची आवड आहे.

वही आठ आठवडे कपाटात ठेवायचं ठरलं. मैदानावर जायची वेळ मात्र तीच ठेवली, कारण ती वेळ तिची आणि बाबांची होती. तिथे जाऊन पकडापकडी, पुतळा, झाडापासून झाडापर्यंत शर्यत, जमलं तर एखादी मैत्रीण बरोबर. कधी थांबायचं ते ती ठरवणार. खेळायची हौस थोडी शिल्लक असतानाच घरी निघता आलं तर सोन्याहून पिवळं.

“मनातल्या मनात मोजलं तर चालेल का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चेहऱ्यावर दिसतं.

सगळं काही सुरळीत झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक अख्खी संध्याकाळ तिने मुंग्यांची रांग बघण्यात घालवली आणि बाबांनी वैतागून मला फोन केला. मुंग्यांवर माझ्याकडे उपाय नव्हता. सहाव्या आठवड्यात तिनेच त्यांना सांगितलं, “बाबा, त्या खांबापर्यंत किती सेकंद लागतात ते मोज ना.” ते गोंधळले. मोजायचं की नाही? जरूर मोजा, आकडा मोठ्याने सांगा, पण वहीत लिहू नका आणि ‘आता त्याहून कमी’ तुम्ही म्हणू नका. मुलांना आकडे आवडतातच. प्रश्न कुणी विचारला, यावर बरंच अवलंबून असतं.

हे नुसते माझे लाड नाहीत. नॉर्वेत मुलांच्या खेळासाठी १९८७ पासून वेगळे नियम आहेत. तिथे ११ वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धांत निकालाच्या याद्या आणि क्रमवारी लावत नाहीत. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये असं सुचवते. आणि मोठ्या मॅरेथॉनमध्ये सहसा १८ वर्षांच्या आत प्रवेशच मिळत नाही. सातव्या वर्षी मागे पडायचं म्हटलं तरी पडणार कुणाच्या? “मग ही पुढे धावपटू होईल?” असं त्यांनी विचारलंच. माहीत नाही म्हटलं. त्यांना ते उत्तर आवडलं नाही.

मागच्या आठवड्यात परत फोन आला. तिच्या मैत्रिणीने लहान मुलांच्या १ किलोमीटरच्या धावेत नाव दिलंय आणि हिलाही जायचंय. पाठवू का? पाठवा, म्हटलं, फक्त मोबाईल धरून तिच्या बाजूने पळू नका.

“आणि ती मधेच चालायला लागली तर?”

“तर चालेल.”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, “बरं. मी पाण्याची बाटली घेऊन शेवटी उभा राहतो.”