एका पौंडानं बाळं वाचली का?

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मॅडम शिकवताना म्हणाल्या की शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका मेयरनं, बाळ वर्षाचं झालं की आईबापाला एक पौंड देणार असं जाहीर केलं आणि तिथले बालमृत्यू एकदम कमी झाले. खरंच पैशानं असं होतं का? – एक वाचक

उत्तर : घडलंय खरं, पण सगळं श्रेय त्या पौंडाला देऊ नका. गाव म्हणजे यॉर्कशायरमधलं हडर्सफील्ड, लोकरीच्या गिरण्यांचं. १९०४ साली बेंजामिन ब्रॉडबेंट तिथले मेयर झाले आणि लाँगवूड नावाच्या भागात आपल्या कारकिर्दीत जन्मणाऱ्या बाळांसाठी त्यांनी हे वचन दिलं, तेही छापील कार्डावर. तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये हजारातली दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आतच जायची, १८९९ मध्ये तर १६३ गेली, म्हणजे सहातलं एक, आणि लोक त्याला नशीब म्हणून गप्प बसायचे. मला तर हा आकडा आजही नुसता वाचवत नाही.

आता खरी मेख ऐका. जन्माची नोंद करायला कायद्यानं ४२ दिवसांची मुदत होती. पहिले काही आठवडे तर सगळ्यात धोक्याचे, म्हणजे आरोग्य खात्याला बाळ जन्मलंय हे कळेपर्यंत कितीतरी बाळं गेलेली असायची, मग घरी जाऊन भेटायचं कुणाला? पौंडाचं कार्ड द्यायचं म्हणजे बाळ आधी माहीत पाहिजे, त्यामुळे लाँगवूडमध्ये जन्म लगेच कळायला लागले आणि बायका घरोघर जाऊन आईला भेटायला लागल्या. तिथला मृत्युदर निम्म्याहून खाली आला. भाग छोटा होता, त्यामुळे एवढ्याशा आकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये असं मला वाटतं, पण दिशा बरोबर होती. १९०६ मध्ये हडर्सफील्डनं स्वतःपुरता कायदाच करून घेतला, जन्म ४८ तासांत कळवायचा. आरोग्य अधिकारी डॉ. मूर यांच्या हाताखाली लेडी डॉक्टर नेमल्या होत्या, त्या घरी जायच्या.

आणि घरी जाऊन बघायचं काय, तर दुधाची बाटली. लांब रबरी नळीची काचेची बाटली असायची, बाळाशेजारी ठेवली की ते पडल्या पडल्या चोखायचं, आई कामाला मोकळी. पण ती नळी आतून घासताच यायची नाही, दूध आत चिकटून नासायचं आणि तेच पोटात जायचं. त्यात उन्हाळा आला की उघडे संडास, रस्त्यावर घोड्यांची लीद, त्यावरच्या माश्या दुधावर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हगवणीनं बाळं पटापट जायची. अंगावर पिणारी त्यातल्या त्यात वाचायची. ऊन किती मारायचं बघा, १९१० मध्ये देशाचा दर १०५ होता, १९११ च्या कडक उन्हाळ्यात १३० झाला आणि १९१२ मध्ये परत ९५.

त्या काळी बरेच जण म्हणायचे की आया अडाणी आहेत, त्यांना शिकवा. मला हे पटत नाही. घरात नळ नाही, संडास चार घरांत एक, गिरणीत गेलं नाही तर चूल पेटत नाही, तिथे त्या बाईनं नळी उकळायची कधी? भेटीला येणारी बाई बाटली बदलायला सांगू शकत होती, गटार बांधू शकत नव्हती, ते काम नगरपालिकेचंच.

हडर्सफील्डचं बघून १९०७ मध्ये देशभरासाठी कायदा आला, जन्म ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचा, मात्र सुरुवातीला ज्या नगरपालिकेला हवा तिनं तो लागू करायचा होता, सगळीकडे सक्तीचा झाला १९१५ ला. मॅडमना पौंडाबरोबर त्या ४२ दिवसांचंही नक्की सांगा.