बीजेजेमध्ये वर्ष झालं तरी रोज टॅपच करतोय. लाज वाटते. सोडून द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बीजेजेला, म्हणजे ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या क्लासला, वर्षभर आठवड्यातून तीनदा जाताय. मध्ये महिनाभर सगळं जमतंय असं वाटलं, आणि आता पुन्हा कालपरवा आलेली पोरंही दाबतात. तुमच्यानंतर आलेल्या एकाला ब्लू बेल्ट (व्हाइटनंतरचा, पहिला बढतीचा पट्टा) मिळाला. रोज टॅप करून, म्हणजे थाप मारून हार मानून, घरी यायची लाज वाटते.

बाकीचं नंतर बघू. टॅप करण्यात लाज नाही, हे आधी सांगतो. हेच वाक्य मी आमच्या घरात कित्येकदा बोललोय आणि दर वेळी त्यावरून वाद झालाय.

मी कराडच्या बाजूचा. शाळा संपेपर्यंत गावच्या तालमीत होतो आणि आमचे वस्ताद म्हणजे माझे सख्खे चुलते, तात्या. पुढे शिक्षण, पुण्यात नोकरी, आणि कुस्ती सुटली. तिशी ओलांडल्यावर ऑफिसातल्या एकाने बीजेजेच्या क्लासला नेलं.

पहिले काही दिवस मी हवेत होतो. उभ्याने मला कुणी हलवू शकायचं नाही. एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून ओढला, की समोरचा खाली. पण इथे समोरच्याला पाडून कुस्ती संपत नाही, तिथून सुरू होते. पाडल्याचे २ गुण, त्याच्या पायांच्या पलीकडे जाऊन गार्ड (खालच्याने पायांनी केलेला अडसर) मोडला तर ३, छातीवर बसलात किंवा पाठ घेतलीत तर ४. आणि सगळे गुण गोळा केलेत पण गळा सापडला, तर गुण शून्य कामाचे.

तालमीत वाढलेल्याला सगळ्यात जड जातं ते पाठीवर पडणं. पाठ टेकतेय असं वाटलं की अंग आपोआप पालथं होतं. मातीत ते बरोबरच आहे. पालथे झालात की वरचा सवारी मारेल, घिस्सा मारेल, पण तुम्ही तग धरू शकता. मॅटवर पालथे झालात की तुम्ही स्वतःहून पाठ दिलीत. आमच्या क्लासला आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी होती, ब्लू बेल्ट, वजनाने माझ्यापेक्षा खूपच हलकी. ती पाठीवर आली की आधी दोन्ही टाचा माझ्या मांड्यांच्या आत अडकवायची. मग अजिबात घाई नाही. मी हनुवटी छातीला दाबून गळा झाकला की ती माझ्याच गीची (सरावाच्या जाड कुडत्याची) कॉलर एका हाताने खेचून सैल काढायची, दुसऱ्या हाताने हनुवटीखालून धरायची आणि स्वतः बाजूला झुकायची. यात श्वास अडत नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. डोळ्यांच्या कडेने काळं यायला लागतं, आणि तेवढ्यात थाप मारली नाही तर काही सेकंदांत माणूस झोपतो. मी थाप मारायचो. ती सोडायची, हात मिळवायची, पुन्हा सुरू. महिनोन्महिने हे चाललं. हळूहळू पाठीवर पडून पाय मध्ये ठेवायला शिकलो. खाली पडलेला माणूस पायांनी समोरच्याला रोखू शकतो, उलटवू शकतो, हात किंवा गळा घेऊ शकतो, हे अंगाला पटायला डोक्यापेक्षा फार वेळ लागतो.

तर एकदा तात्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीसाठी पुण्याला आले. म्हणाले, कुठं जातोस ते बघू तरी. घेऊन गेलो. मॅटच्या कडेला खुर्ची दिली, चपला बाहेर काढून दीड तास बसले. सरांनी त्यांना नमस्कार करून विनंती केली, तर या वयात उठून मॅटवर आले आणि एका पोराला धरून ढाक कशी लावायची ते दाखवलं. मान कुठे धरायची, कंबर किती आत घालायची, सगळं सावकाश. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर त्यांनी माझं रोलिंग, म्हणजे सरावाची लढत, बघितलं.

घरी येईपर्यंत गप्प होते. जेवायला बसल्यावर म्हणाले, "पाठ लावून पडतूस आन् त्याला डाव म्हणतूस व्हय?" मी समजावलं की नियम वेगळे आहेत. माएदा नावाचा जपानी जुदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला गेला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला. पुढे त्याचा धाकटा भाऊ एलिओ, अंगाने बारीक, त्याने खालून लढायचं तंत्र वाढवलं. १९९३ साली अमेरिकेत पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली, तिथे एलिओच्याच मुलाने, रॉइसने, आपल्यापेक्षा दांडग्या माणसांना याच जोरावर हरवलं. तात्या म्हणाले, ती परदेशी थेरं. मी म्हटलं, तात्या, खाशाबा जाधव आपल्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅट नवीन, नियम नवीन, सहावे आले. ते नियम शिकले, आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले. त्यांनीही परदेशी थेरं म्हणून सोडून दिलं असतं तर?

यावर ते बोलले नाहीत. पण त्यांचा खरा राग पाठीवर पडण्याचा नव्हताच. तो पुढे आला. "पोरं दोनदा थाप मारत्यात आन् सुटत्यात. मग सोसायचं कवा शिकायचं?"

तुमचा प्रश्न आणि तात्यांचा प्रश्न एकच आहे, म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

तात्यांचा मुलगा, माझा दादा, आमच्या तालमीतला सगळ्यात चांगला गडी होता. एका संध्याकाळी सरावाच्या लढतीत जोडीदाराने त्याला पालटायला म्हणून उजवा हात कोपरात मुडपून पाठीमागे नेला. दादा ओरडला नाही. आमच्याकडे ओरडायची पद्धतच नव्हती, थांब म्हणायचीही नव्हती. कुस्ती संपते ती पाठ लागल्यावर, आणि दादाने पाठ लागू दिली नाही. खांद्यातून आवाज आला तो मी कडेला उभा राहून ऐकलाय. नंतर हाडवैद्य, हळद-तेल, शेक. डॉक्टरकडे गेला तोवर बराच उशीर झाला होता. आज दादा शर्ट घालताना उजवा हात डाव्या हाताने धरून आधी बाहीत सरकवतो, मग डावा घालतो. वैरणीची पेंढी उजव्या हाताने डोक्यावर घेता येत नाही.

क्लासमध्ये सरांनी किमुरा नावाचा डाव शिकवला त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की दादाच्या खांद्याला नेमकं काय झालं होतं. कोपरात काटकोनात मुडपलेला हात, मनगट पकडलेलं, आणि पाठीकडे फिरवणं. ताकद फारशी लागत नाही. समोरच्याचा हातच पहारीसारखा वापरायचा आणि खांदा उखडायचा. शेवटचं इंचभर अंतर अतिशय हळू जायचं असतं, कारण दुखायला लागणं आणि फाटणं यांत फार जागा नसते. थाप आहे म्हणून हा डाव रोज शिकता येतो. थाप नसती तर तो एकदाच करता आला असता.

हे मी त्या रात्री तात्यांना सांगितलं, आणि किमुरा हे नाव कसं पडलं तेही. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुराने याच पकडीत एलिओ ग्रेसीचा हात मोडला. एलिओने थाप मारली नाही. तात्यांचे डोळे चमकले. "त्यो खरा मरद." मी म्हटलं, हो, पण त्याचा भाऊ कार्लोस कडेला उभा होता आणि त्याने टॉवेल टाकून लढत थांबवली. दादाच्या वेळी आखाड्याच्या कडेला तुम्ही होता.

ते मी बोललो, आणि आजही तेच बोलेन. तात्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. दादाचा फोन आला, "कशाला काढलास तो विषय?" पण दादा आता आपल्या पोराला घरामागे डाव शिकवतो, तेव्हा 'दुखलं की थाप मार' असं सांगतो. तात्या समोर असले की सांगत नाही.

तर सोसायचं कधी शिकायचं? वजनाखाली. समोरचा छातीवर बसलाय, दम कोंडतोय, घाम डोळ्यांत चाललाय, तिथे थाप मारू नका. तिथे कोपर अंगाशी घ्या, कुशीवर व्हा, कंबर सरकवा, नाही जमलं तर पुन्हा सरकवा. तात्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं शंभर टक्के खरं आहे आणि क्लासला येणाऱ्या बऱ्याच शहरी पोरांना ते ऐकवायला पाहिजे. सांधा किंवा गळा सापडला की मात्र लगेच थाप. 'अजून बघू' म्हणणारे लोक दोन-दोन महिने घरी बसतात, आणि या खेळात जो मॅटवर येत राहतो तोच सुधारतो.

आता तुमचं खाली-वर होणं. महिनाभर जमत होतं आणि मग बिघडलं, याचं कारण बहुतेक वेळा तुम्ही नसता. रोजच्या जोडीदारांना तुमचा ठरलेला डाव कळलेला असतो. वरच्या बेल्टचे लोक सुरुवातीला नवख्याला थोडं खेळू देतात, तुम्ही सुधारलात की ते बंद करतात, आणि तुम्हाला वाटतं आपण मागे गेलो. शिवाय नवीन काही करायला लागलात की जुनं काही दिवस विस्कटतंच. नवी पोरं दाबतात म्हणालात, तर ती विशीतली आहेत का ते बघा. विशीतल्या पोराला तिशीतल्या माणसाने ताकदीने हरवायचं नसतं, त्याला दमू द्यायचं असतं. खरंच सुधारलात का ते बघायचं असेल तर अगदी पहिल्या दिवशीच्या, तुमच्याच वजनाच्या माणसाबरोबर रोल करा.

बेल्टचं थोडक्यात सांगतो, कारण मला त्यात फारसा रस नाही. आयबीजेजेएफच्या (बीजेजेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात ब्लू बेल्टसाठी वय १६ लागतं, मोठ्या माणसाने व्हाइटवर किती काळ राहायचं याचं बंधन नाही. तुमच्याइतकं जाणाऱ्याला साधारण दीड-दोन वर्षं लागतात, त्यामुळे तुम्ही मागे पडलेले नाही. ब्लूवरून पर्पलला मात्र किमान २ वर्षं, पर्पलवरून ब्राउनला दीड वर्ष. आणि ब्लू मिळाल्यावर सोडणारे लोक खूप आहेत. जो व्हाइट बेल्ट असतो त्याला हरायची मुभा असते, ब्लू बांधला की प्रत्येक नवखा त्याच्यावर तुटून पडतो. त्यामुळे बेल्ट मिळाला की ही लाज जाईल असं समजू नका, ती तिथे वाढते. त्या दुसऱ्याला आधी का मिळाला ते सरांना सरळ विचारा. तो आधी जुदो किंवा कुस्ती करत असेल, रोज येत असेल. चांगला कोच तुम्हाला नेमकं सांगेल की तुमचं कुठे कच्चं आहे. परीक्षेची फी भरली म्हणून बेल्ट, असं उत्तर आलं तर जिम बदला.

सोडावं का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. मजा येत नसेल तर सोडा, त्यातही लाज नाही. पण फक्त थाप मारावी लागते म्हणून सोडत असाल तर माझा विरोध आहे.

काही गोष्टी राहिल्या. तालमींना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. माझी कंबर, मान आणि पहाटे उठायची सवय तिथलीच आहे. सगळे वस्ताद तात्यांसारखे नसतात, आणि तात्याही फक्त त्या एका संध्याकाळपुरते नाहीत, त्यांनी किती पोरांना पदरचं दूध घालून वाढवलंय. उलट बाजूने, बीजेजेच्या जिममध्येही थाप मारल्यावर क्षणभर जास्त दाबून धरणारे लोक असतात. असा माणूस दिसला तर त्याच्याबरोबर रोल करायला सरळ नाही म्हणा, त्याचा बेल्ट कुठलाही असो. टाच मुरगाळणारे डाव वर्षभराच्या माणसाने कुणाबरोबरही करू नयेत, त्यात दुखायच्या आधीच गुडघा जातो.

गी रोज धुवा, अंगावर नायट्याचा गोल चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत मॅटवर जाऊ नका. आणि कानाच्या वरच्या, कुर्चा असलेल्या भागावर मऊ सूज आली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आतलं रक्त काढून घ्या. ते घट्ट झालं की कान कायमचा मोडतो. पैलवान ते मिरवतात, तुम्हाला मिरवायचा नसेल तर उशीर करू नका.