मरणाच्या दिवशी सण का? लेकीला पत्र

प्रिय बाळा,

रविवारी आजीने फोनवर सांगितलं की वसईच्या किल्ल्यात संत गोन्सालो गार्सियाचा सण झोकात झाला, बँड होता, माणसं मावत नव्हती. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "पपा, त्याला तर क्रुसावर मारलं ना? मग माणूस मेला त्या दिवशी बँड कसला? त्याच्या वाढदिवसाला का नाही?" हे गाडीत दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. एखादा शब्द अडला तर मोठ्याने वाच, कळेल.

गोन्सालो १५५६च्या सुमारास वसईत जन्मला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वडील पोर्तुगीज, आई आपल्याकडची. किल्ल्यात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांकडे तो शिकला आणि पोरसवदा वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने अशी आपलीशी केली की पुढचं सगळं आयुष्य तिच्यावरच उभं राहिलं. जेझुइट संघात मात्र त्याला घेतलं नाही. मग त्याने मकाव आणि जपानकडे व्यापार केला, पैसाही चांगला मिळवला. आणि बस्तान बसलेलं असताना ते सगळं सोडून तो फिलिपीन्समधल्या मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाला. फादर नव्हे, ब्रदर. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करण्याचा अधिकार त्याला कधीच मिळाला नाही. आपल्या वसईचा एवढा मोठा संत, आणि त्याच्याकडे कसलंच पद नव्हतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन फादरांना राजदूत म्हणून जपानला धाडलं. सोबत दुभाषी म्हणून गोन्सालो. जपानचा सत्ताधीश होता तोयोतोमी हिदेयोशी. त्याने १५८७मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. अशा माणसासमोर फादर जे बोलले ते वसईच्या पोराच्या तोंडून. एक शब्द वेडावाकडा गेला असता तर सगळ्यांच्या मानेवर आलं असतं. काम फत्ते झालं. क्योतोमध्ये जागा मिळाली, चर्च उभं राहिलं आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळही.

मग १५९६मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. आतला माल जप्त झाला. जहाजावरच्या कुणीतरी बढाई मारली म्हणतात, की आमचा राजा आधी मिशनरी पाठवतो, मागून सैन्य. हिदेयोशी बिथरला आणि त्याने फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या सोबत्यांना पकडून ठार मारायचा हुकूम दिला. त्याची भीती अगदीच हवेतली नव्हती हेही तू लक्षात ठेव, फिलिपीन्स स्पेनने घेतलेलंच होतं. पण त्या भीतीची किंमत ज्यांनी मोजली ते इस्पितळात जखमा धुणारे होते.

क्योतोत या पकडलेल्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली आणि गाडीत घालून रस्त्यारस्त्यांतून धिंड काढली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंतची वाट, जवळजवळ महिनाभर. निघताना चोवीस जण होते. वाटेत आणखी दोघं सामील झाले आणि सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकी सतरा साधी जपानी माणसं. त्यात लुई इबाराकी नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता, तुझ्याहून लहान. टेकडीवर पोचल्यावर आपला क्रूस कुठला, असं त्याने विचारलं, असं सांगतात.

५ फेब्रुवारी १५९७, निशिझाका टेकडी. खिळे मारले नव्हते. लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी क्रुसाला बांधलं आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसले. पॉल मिकी या जपानी जेझुइटाने क्रुसावरूनच लोकांना प्रवचन दिलं आणि मारणाऱ्यांना क्षमा केली. गोन्सालो चाळिशीचा होता.

आता तुझा प्रश्न. त्याच्या जन्माची नक्की तारीख कुणाकडेच नाही, पण असती तरी सण बहुधा मरणाच्याच दिवशी झाला असता. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांपासून हुतात्मा ज्या दिवशी गेला तो दिवस म्हणजे त्याचा स्वर्गातला जन्म, असं मानतात. जन्म काय, प्रत्येकाचाच होतो. गोन्सालो कोण होता हे कळलं ते निशिझाकावर. तोवर तो कुणाचा शिष्य, कुणाचा दुभाषी, कुठला तरी व्यापारी होता.

आणि ही रीत तुला वाटते तितकी आपल्यापुरती नाही. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा असतो, देहूला फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज. दोन्ही दिवस जाण्याचेच, आणि दोन्हीकडे टाळ-मृदंगांनी गाव दणाणतं. वसईचे आपण मराठी माणसंच, संताला निरोप द्यायची पद्धत इथल्या मातीत होतीच. फरक एवढाच की ज्ञानेश्वरांनी समाधी स्वतःहून घेतली, गोन्सालोवर मरण लादलं गेलं. त्याने ते मागितलं नव्हतं, पण समोर आल्यावर तो सोबत्यांना सोडून मागे सरला नाही. आपण आनंद करतो तो याचा. भाल्यांचा नाही.

शोकही आहेच. सणाच्या मिस्सेला लाल लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या किल्ल्यात येतात. आजूबाजूला जुन्या पडक्या भिंती, त्यांच्या सांध्यांतून झाडं उगवली आहेत. त्या म्हाताऱ्यांतल्या कितीतरी जणी मिस्सा चालू असताना डोळे पुसतात, आणि बाहेर आल्या की बँडसमोर उभ्या राहून हसतातही. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.

१६२७मध्ये त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, म्हणून जाहीर केलं, ८ जून १८६२ला पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो. वसईतल्या गास गावचं चर्च त्याच्या नावाचं, वसईचं कॉलेजही. निशिझाकावर १९६२ साली सव्वीस जणांचं स्मारक झालं. तिथे ओळीने उभ्या असलेल्या सव्वीस ब्राँझच्या आकृत्यांत आपला गोन्सालो आहे.

इथल्या चर्चच्या कॅलेंडरवर एक दिवस पुढे, ६ फेब्रुवारीला, 'पॉल मिकी आणि सोबती' एवढंच लिहिलेलं असतं. त्या सोबत्यांत तो आहे. पुढच्या वर्षी त्या दिवशी मिस्सेला जाऊ, आणि फादरांना त्याचं नाव वेगळं घ्यायला सांगू. सांगायचं काम तुझं.

तुझा,
पपा