वाचकांचे प्रश्न : संमेलनाची एक्सेलमधली यादी जीमेलमध्ये कशी घ्यायची?

प्रश्न : मॅडम नमस्कार. आमच्या गावात दरवर्षी हिवाळ्यात साहित्य संमेलन असतंय, त्याची निमंत्रणं पाठवायचं काम यंदा माझ्याकडं आलंय. यादी एक्सेलमध्ये हाय, ६४० नावं, त्यातल्या ५२० जणांचे ईमेल हाईत, बाकीच्यांचे नुसते फोन. मागच्या वर्षी एकेक पत्ता कॉपी-पेस्ट करण्यात चार रात्री गेल्या. यंदा यादी थेट जीमेलमध्ये घालून बघितली तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली, आणि बऱ्याच जणांच्या फोन नंबरच्या जागी ९.१९८४५ई+११ असलं कायतरी. सगळं काढून टाकलं आणि परत जुन्याच पद्धतीनं सुरू केलंय. काय चुकलं ते सांगशीला काय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पहिलं म्हणजे कॉपी-पेस्ट आजच थांबवा. तुमची मूळ फाईल शाबूत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, कारण जे बिघडलं ते फाईल सेव्ह करताना बिघडलं.

जीमेलला एक्सेलची फाईल जशीच्या तशी चालत नाही, तिला सीएसव्ही लागते, म्हणजे साधी मजकुराची फाईल ज्यात दोन रकान्यांच्या मध्ये फक्त स्वल्पविराम असतो. एक्सेलमध्ये सेव्ह अ‍ॅज केलं की सीएसव्हीचे दोन-तीन प्रकार दिसतात आणि त्यातला साधा 'सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड' निवडला की देवनागरी अक्षरं त्यात मावत नाहीत, प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं, आणि त्या फाईलीतून नाव परत मिळत नाही. तुम्हाला हवा तो प्रकार 'सीएसव्ही यूटीएफ-८', यूटीएफ-८ म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत. जुन्या एक्सेलमध्ये हा पर्यायच नसतो, तसं असेल तर फाईल गूगल ड्राइव्हवर चढवा, गूगल शीट्समध्ये उघडा आणि तिथून डाउनलोडमध्ये जाऊन सीएसव्ही घ्या, ती आपोआप यूटीएफ-८ मध्येच येते. लिब्रेऑफिस वापरत असाल तर सेव्ह करताना ते कॅरेक्टर सेट विचारतं, तिथं यूटीएफ-८ निवडायचं.

आता फोन नंबरचं बघा. ज्यांनी ९१ लावून १२ आकडी नंबर टाइप केला त्यांचाच नंबर असा झाला असणार, १० आकडी नंबर ठीक राहिले असतील. एक्सेल त्याला फोन नंबर समजत नाही, एक मोठी संख्या समजतं, आणि १२ आकडे झाले की ती थोडक्यात लिहून दाखवतं. फक्त दाखवतं तोवर काही बिघडत नाही, आत सगळे आकडे असतात, पण सीएसव्ही करताना पडद्यावर जे दिसतंय तेच फाईलीत उतरतं आणि शेवटचे आकडे कायमचे जातात. म्हणून सीएसव्ही करायच्या आधी मूळ फाईलीत तो अख्खा रकाना निवडा, फॉरमॅट सेल्समध्ये नंबर घ्या, दशांश शून्य करा, लगेच पूर्ण नंबर दिसतील. आणि अधिकचं चिन्ह लावून +९१ लिहिलेलं असेल तर सेल टेक्स्ट केलेला नसताना ते चिन्ह गळून जातं. लँडलाईनचं तर याहून वाईट, बेळगावचा कोड ०८३१, त्यातलं पुढचं शून्य एक्सेल टाकून देतं, राहतं ८३१. यासाठी नवी नावं टाइप करायच्या आधीच फोनचा रकाना टेक्स्ट करून ठेवायचा, ही सवय लावून घ्या. आणि एकदा सीएसव्ही तयार झाली की ती डबल क्लिक करून परत एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, सगळे नंबर पुन्हा तसेच होतील. तपासायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा.

इथवरचं कुठल्याही गावच्या माणसाला सांगितलं असतं. पण आपल्या भागातल्या यादीची खरी अडचण वेगळी आहे आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

आपल्याकडं एका माणसाचं नाव तीन लिप्यांत असतं. शाळेच्या दाखल्यावर मराठीत, रेशन कार्डावर कन्नडमध्ये, आधारवर कन्नड आणि इंग्रजी. ज्यानं ज्या कागदावरून यादी उतरवली त्याप्रमाणे नाव लागतं. एकाच्या यादीत चव्हाण, दुसऱ्याच्या यादीत चवाण, तिसऱ्यानं इंग्रजीत लिहिलेलं. गावांचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजी नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या नोंदीत बेलगाम, नव्या नोंदीत बेळगावी, आणि आपण मराठीत लिहितो बेळगाव, म्हणजे एकाच शहराची माणसं फिल्टर लावला की तीन ठिकाणी. तुमची यादी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या हातांनी झालेली असणार, तिच्यात हे नक्की असणार. मग एक्सेलचं रिमूव्ह डुप्लिकेट्स नावावर चालवलं तर काही सापडत नाही कारण प्रत्येक स्पेलिंग वेगळं, आणि उलट एका गावात त्याच नावाचे दोन-तीन पाटील असले तर वेगळी माणसं एक समजून उडवली जातात. म्हणून दुहेरी नोंदी नावावरून शोधू नका, ईमेलवरून आणि फोनवरून शोधा. फोनसाठी आधी सगळे नंबर १० आकडी करून घ्या, एक्सेलमध्ये राइट नावाचं फंक्शन आहे ते शेवटचे १० आकडे उचलतं, पुढं ० असो की ९१ असो (लँडलाईनचे नंबर मात्र यातून वेगळे काढा, त्यांचा कोड तुटेल). दोन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या तर त्यातलं कुठलं नाव ठेवायचं हे मशीनवर सोडू नका, तो माणूस स्वतः आपलं नाव कसं लिहितो ते विचारून ठेवा. एक फोन करायला लागला तरी चालेल. निमंत्रण हे मानाचं असतं, कवीला त्याच्याच नावाचं चुकीचं पत्र गेलं तर तो काही बोलणार नाही पण मनाला लागतंच.

ईमेलच्या रकान्यात फिल्टर लावून ज्यात अ‍ॅट नाही असे पत्ते वेगळे काढा, मागंपुढं राहिलेल्या मोकळ्या जागा ट्रिम फंक्शननं घालवा, डॉटच्या जागी कॉमा पडलाय का, कॉमच्या जागी कॉन झालंय का ते डोळ्यानं बघा. एका सेलमध्ये दोन पत्ते असतील तर दुसरा शेजारच्या रकान्यात न्या. ५२० पत्ते बघायला एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

यानंतर रकान्यांची नावं. जीमेलला 'नाव', 'दूरध्वनी' असली मराठी शीर्षकं कळत नाहीत, त्याची स्वतःची इंग्रजी शीर्षकं ठरलेली आहेत आणि ती मधूनमधून बदलतातही, त्यामुळे मी ती इथं छापून देत नाही. त्यापेक्षा असं करा, कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा, स्वतःचंच नाव, फोन, ईमेल घालून एक नोंद करा आणि ती एक्स्पोर्ट करून गूगल सीएसव्ही म्हणून उतरवा. त्या फाईलीतली पहिली ओळ हीच तुमची शीर्षकं, ती कॉपी करून तुमच्या यादीच्या डोक्यावर लावा आणि आपले रकाने त्याखाली बसवा, तुमची नमुन्याची नोंद कुठल्या रकान्यात काय दाखवते ते बघूनच. आपल्या याद्यांत आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, तिथं पहिलं नाव आणि आडनाव उलटं होणार नाही याकडं लक्ष द्या.

मग गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये डाव्या बाजूला इम्पोर्ट, फाईल निवडा, झालं. एका वेळी ३००० पर्यंत नोंदी घेतं, तुमच्या ६४० ला काहीच हरकत नाही. पण सगळी यादी एकदम घालू नका. आधी पाच नावांची फाईल करून घालून बघा, नाव, फोन, ईमेल जागच्या जागी आले का. नंतर बाकीची. आणि इतकं करूनही काही चुकलंच तर सेटिंगमध्ये अनडू चेंजेस आहे, गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला होते तसे कॉन्टॅक्ट परत आणता येतात, त्यामुळे मागच्यासारखं एकेक काढत बसायला नको. हे काम कॉम्प्युटरवरच करा, फोनमधलं जीमेल अ‍ॅप सीएसव्ही घेत नाही.

इम्पोर्ट झालं की त्या नोंदींना तारखेचं एक लेबल आपोआप लागतं, त्याचं नाव लगेच बदला. माझं मत विचाराल तर यादीचे भाग पाडून वेगवेगळ्या फाईली घाला, बेळगाव शहर, खानापूर, निपाणी-चिकोडी, चंदगड-कोल्हापूर, गोवा, आणि प्रत्येक इम्पोर्टनंतर त्या लेबलला भागाचं नाव द्या. याचा फायदा पाठवताना कळतो. साध्या जीमेल खात्यातून एका मेलला ५०० पेक्षा जास्त जण चालत नाहीत आणि दिवसभराचीही मर्यादा तेवढीच, ती ओलांडली की पाठवणं काही तास ते एक दिवस बंद होतं. तुमचे ५२० आहेत, म्हणजे एकाच दिवशी सगळ्यांना घालवायला गेलात तर नेमके शेवटचे राहणार. आज तीन भाग, उद्या दोन, असं करा. मेल लिहिताना लेबलचं नाव बीसीसीमध्ये टाइप करा, तिथंच बरं का, टू किंवा सीसीमध्ये नको. नाहीतर प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचे पत्ते दिसतात आणि लोकांनी ते आपल्याला विश्वासानं दिलेले असतात.

ज्या १२० जणांचे नुसते फोन आहेत त्यांनाही यादीतून वगळू नका, तेही इम्पोर्ट करा, त्याच गूगल खात्याचे कॉन्टॅक्ट तुमच्या अँड्रॉइड फोनवर आपोआप येतील. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात. मात्र ब्रॉडकास्ट त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, म्हणून आपल्याकडच्या जुन्या मंडळींना, विशेषतः सत्तरीच्या पुढच्यांना, फोनच करा किंवा कार्ड नेऊन द्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयाची सभासद यादी बऱ्याच वर्षांपूर्वी श्री-लिपीत टाइप केलेली आहे, आणि एका शाळेनं दिलेली पालकांची यादी जुन्या नुडीत आहे, कन्नडमध्ये. यूटीएफ-८ करूनही ईमेलमध्ये घेतल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : यूटीएफ-८ नं इथं काही होणार नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. श्री-लिपी, कृतिदेव, जुनी नुडी हे टायपिंगचे जुने प्रकार युनिकोड नाहीत, त्यात आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठी किंवा कन्नड चेहरा देतो. खात्री करायची असेल तर एका नावाचा फॉन्ट बदलून एरियल करा, अक्षरं विस्कटली तर युनिकोड नाही, तशीच राहिली तर आहे.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. एक विनंती आहे, इंटरनेटवरच्या अनोळखी कन्व्हर्टरमध्ये अख्खी यादी चिकटवू नका, फक्त नावांचा रकाना चिकटवा आणि आलेला मजकूर त्याच क्रमानं परत आणा, लोकांचे फोन आणि पत्ते तुमच्याच कॉम्प्युटरवर राहू द्या. ओळींची संख्या आधी आणि नंतर सारखी आहे ना ते मोजा, मध्ये एक जरी मोकळी ओळ गळली तर तिथून पुढं प्रत्येकाला शेजाऱ्याचा फोन लागेल.

बदललेली नावं वाचून काढावीच लागतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम उलटा, त्यामुळे चुका नेमक्या तिथंच होतात. मारुतीत काही होत नाही, पण विठ्ठल, कीर्ती, दुर्गा अशी नावं बघून घ्या, जोडाक्षरं तर सगळीच. मी एकदा अशीच एक यादी न वाचता पुढं पाठवली होती आणि पाकिटांवर नावं छापून झाल्यावर चुका दिसल्या, ती सगळी पाकिटं पुन्हा नव्यानं करावी लागली.

नुडीतली यादी कन्नडमध्येच ठेवा, युनिकोड झाली की कन्नड नावंही तेवढीच नीट दिसतात. ती मराठीत आणायची घाई करू नका, कन्नडमधून मशीननं आणलेलं आडनाव बऱ्याचदा त्या घरात कुणी लिहीत नाही तसं येतं. पालक शाळेत येतील तेव्हा त्यांच्यासमोर वही धरा आणि त्यांनाच लिहू द्या.

प्रश्न : मी जीमेल ब्राउझरमध्ये वापरत नाही, कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम आहे. तिथं हेच कसं?
– एक निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : सर, तुमचं काम उलट सोपं आहे. टूल्समध्ये इम्पोर्ट, तिथं अ‍ॅड्रेस बुक आणि सीएसव्ही निवडा. तुमच्या फाईलीतला कुठला रकाना थंडरबर्डच्या कुठल्या रकान्याला जोडायचा हे ते स्वतःच विचारतं, त्यामुळे वर लिहिलेला शीर्षकांचा खटाटोप तुम्हाला नाही. पहिली ओळ शीर्षकाची आहे असं सांगणारी खूण तेवढी करा, नाहीतर 'नाव' नावाचा एक माणूस यादीत येतो. सीएसव्ही यूटीएफ-८ च हवी, आणि फोन नंबरचं वर सांगितलंय ते सगळं तुम्हालाही लागू आहे. एकत्र पाठवायला अ‍ॅड्रेस बुकमध्ये मेलिंग लिस्ट वेगळी करावी लागते. तुमचं खातं जीमेलचंच असेल तर थंडरबर्डमधून पाठवलं तरी दिवसाची मर्यादा चुकत नाही, तेव्हा मोठी यादी असेल तर दोन-तीन दिवसांत वाटून पाठवा.