धर्मग्रामाच्या शिलकीतून भरपाई: हिशेब कसा लागतो

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवरच्या तुमच्या धर्मग्रामाने (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा स्थानिक कॅथलिक समुदाय) लहानपणी चर्चमध्ये लैंगिक अत्याचार झालेल्या पीडितांच्या भरपाईत स्वतःच्या शिलकीतून मोठी रक्कम घातली. तुमच्या फादरांपैकी कोणावर आरोप झाल्याचं कधी ऐकलं नाही. मग रविवारी चर्चमध्ये दानाच्या पाकिटात टाकलेले पैसे तिकडे का गेले? आणि बिशपला ते असे उचलता येतात का?

मी इथल्या एका धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. बिशपला ते परस्पर उचलता येत नाहीत. न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक धर्मग्राम कायद्याने वेगळी संस्था असतो. बिशप, व्हिकार जनरल (बिशपचा मुख्य सहायक), प्रमुख धर्मगुरू आणि दोन प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले सामान्य सदस्य) असे तिचे पाच विश्वस्त. पाचांत बिशपचं वजन किती, हे सांगायला नको. पण कागदावर पैसा धर्मग्रामाचाच, आणि चर्चचा स्वतःचा कायदाही तेच म्हणतो.

गंमत अशी की स्वतंत्र असल्यामुळेच धर्मग्रामावर थेट दावाही लावता येतो. न्यूयॉर्क राज्याच्या २०१९ च्या चाइल्ड व्हिक्टिम्स अ‍ॅक्टने मुदत संपलेल्या जुन्या प्रकरणांना ऑगस्ट २०२१ पर्यंत दार उघडून दिलं. अनेकांनी रॉकव्हिल सेंटर धर्मप्रांताबरोबर (तुमचा धर्मग्राम ज्यात मोडतो तो बिशपचा प्रांत) संबंधित धर्मग्रामालाही प्रतिवादी केलं. फादरची नेमणूक तिथे होती, मुलगा वेदीसेवक (प्रार्थनाविधीत फादरला मदत करणारा) तिथेच होता, शाळाही तिथलीच. दावे कित्येक दशकांपूर्वीचे आहेत, त्यामुळे आजच्या फादरांकडे बघून तुमचा धर्मग्राम यातून सुटला होता असं धरू नका.

धर्मप्रांत ऑक्टोबर २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेला. त्या अर्जाचं संरक्षण अर्ज करणाऱ्याला मिळतं. धर्मग्रामांनी अर्ज केला नव्हता. त्यांच्यावरचे दावे तात्पुरते थोपवले होते आणि २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ती सवलत पुढे वाढवून दिली नाही. २०२४ च्या सुरुवातीला धर्मप्रांताने २० कोटी डॉलर देऊ केले, पीडितांनी ते नाकारले. माझ्या मते बरोबर केलं.

मग जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या खटल्यातला निकाल आला, पाच विरुद्ध चार. तोवर काही कोर्टांत रीत अशी होती की मुख्य संस्थेने दिवाळखोरी घ्यायची, तिच्याशी जोडलेल्यांनी भांड्यात थोडे पैसे टाकायचे, आणि मग त्यांच्यावरचे दावेही मिटायचे, दावेदाराची संमती असो वा नसो. कोर्टाने सांगितलं, संमतीशिवाय हे चालणार नाही. म्हणजे सुटका हवी तर स्वतः आत या. सप्टेंबरमध्ये ३२.३ कोटींचा समझोता ठरला, तेव्हा त्यात धर्मग्रामांनीही चॅप्टर ११ चा (काम चालू ठेवून देणी मिटवण्याच्या दिवाळखोरीचा) अर्ज करायचा हे होतं. डिसेंबरमध्ये ते आत गेले आणि झटपट बाहेरही आले. ‘आपला धर्मग्राम दिवाळखोर’ म्हणून जी घबराट झाली ती याच अर्जाची. आकडा बघा: धर्मप्रांत, धर्मग्राम आणि संलग्न संस्था मिळून २३.४८ कोटी, चार विमा कंपन्या ८.५३ कोटी. पीडित सुमारे ६००.

तेव्हा तुमच्या धर्मग्रामाने दिलेली रक्कम दान नव्हे, स्वतःच्या सुटकेची किंमत आहे. ती दिली नसती तर आपापला वकील करून एकेक दावा ज्युरीसमोर लढवावा लागला असता. एक हरला तरी शाळेची इमारत जाऊ शकते.

वेगळी संस्था नसती तर काय होतं ते कॅनडातल्या सेंट जॉन्समध्ये दिसलं. तिथे धर्मग्रामांच्या जागा आर्चबिशपच्या महामंडळाच्या नावावर होत्या. माउंट कॅशेल अनाथाश्रमातल्या मुलांवरच्या अत्याचारांच्या प्रकरणात जबाबदारी निश्चित झाली आणि २०२२ मध्ये चर्चेस विकायला निघाली, बॅसिलिकासुद्धा. त्यामानाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमध्ये निभावलं: २००७ चा समझोता ४.८ कोटींचा, त्यातला १ कोटी धर्मग्रामांनी उभा करायचा होता.

माझा आक्षेप देण्याला नाही, वाटणीला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्याच बफेलोत १५ कोटींच्या समझोत्यासाठी धर्मग्रामांचा वाटा हातातल्या मोकळ्या रकमेवरून ठरला, बंद होणाऱ्यांकडून तर ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे छपरासाठी काटकसर करणाऱ्याने जास्त भरायचं आणि आधीच उधळून बसलेल्याने कमी. लोक व्हॅटिकनपर्यंत आणि कोर्टातही गेले. मला त्यांचा राग समजतो. पण त्या रागात पीडितांना ‘पैशासाठी आलेले’ म्हणणारेही भेटतात, तिथे मी उठून जाते.

आता तुम्ही करण्यासारखं. विशिष्ट कामासाठी म्हणून दिलेली देणगी दुसरीकडे वळवता येत नाही, तेव्हा तुमच्या पाकिटावर ‘छप्पर’ किंवा ‘अन्नछत्र’ लिहिलेलं होतं का ते आठवा आणि तो निधी शाबूत आहे का हे अर्थसमितीला लेखी विचारा. वाटा कोणत्या सूत्राने काढला, धर्मप्रांताकडे ठेवलेली ठेव त्यात धरली का, आणि कर्ज काढून भरला असेल तर व्याज किती, हेही विचारा. प्रमुख धर्मगुरू टाळाटाळ करत असतील तर दोन प्रापंचिक विश्वस्तांना गाठा; विश्वस्त म्हणून ठरावात त्यांचंही मत असतं, आणि त्यांना सहसा कोणी काही विचारतच नाही.